३६० कॅमेऱ्याचं चित्र पुन्हा पुन्हा बिघडतंय: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

३६० कॅमेरा म्हणजे गाडीवरच्या चार कॅमेऱ्यांची चित्रं जोडून, गाडी वरून बघितल्यासारखी पडद्यावर दाखवणारी सोय. आधी लक्षणं. यातलं नेमकं काय होतंय हे ठरल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका.

- चित्र येतं पण दुधाळ दिसतं, रात्री दिव्यांभोवती मोठी वलयं पडतात.
- चारपैकी एक बाजू काळी होते, मग आपोआप परत येते.
- गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ पडदा काळा, नंतर सगळं ठीक.
- चित्र थरथरतं, आडव्या रेघा सरकतात, रंग उडून काळं-पांढरं होतं.
- स्टिअरिंग फिरवलं तरी पडद्यावरच्या मार्गरेषा वळत नाहीत.
- वरून दिसणाऱ्या चित्रात जमिनीवरचा पट्टा गाडीच्या कोपऱ्याशी तुटून बाजूला सरकलेला दिसतो.
- चित्र स्वच्छ, पट्टेही जुळतात, पण पडद्यावर भरपूर जागा दिसत असताना बम्पर टेकला.

मला शेवटच्या दोन लक्षणांची जास्त धास्ती वाटते. पडदा काळा झाला की माणूस आपोआप मान वळवतो, आरशात बघतो, गरज पडली तर खाली उतरतो. चित्र छान दिसत असेल पण खोटं असेल, तर तो बिनधास्त गाडी मागे घेतो. म्हणून दोष सापडेपर्यंत वरून दिसणारं जोडचित्र वापरू नका. फक्त मागचा किंवा फक्त पुढचा कॅमेरा पूर्ण पडद्यावर घ्या, आरसे वापरा आणि जागा अरुंद असेल तर बाहेर कोणाला तरी उभं करा. मात्र तो माणूस तुम्हाला आरशात सतत दिसला पाहिजे, गाडीच्या मागे नको.

हा बिघाडच आहे ना?

ही तपासणी फुकट आहे आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

गाडीवर चार कॅमेरे असतात: एक पुढच्या जाळीत, एकेक दोन्ही आरशांच्या खाली आणि एक मागे नंबर प्लेटच्या वर. प्रत्येकाची लेन्स साधारण १८० अंश बघते. वरून काढल्यासारखा दिसणारा फोटो कोणीही काढलेला नसतो. एक छोटा कंप्युटर चार वाकडी चित्रं सरळ करून जमिनीवर पसरतो आणि कडा जुळवतो. २००७ साली निसानने ही सोय पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत दिली, तेव्हापासून मूळ गृहीतक तेच आहे: दिसतं ते सगळं सपाट जमिनीवर पडलेलं आहे. मधली गाडी तर निव्वळ चित्र असते. तुम्ही बम्पर गार्ड लावला, मागे सायकलचा स्टँड जोडला, तरी त्या चित्रात त्यांचा पत्ता नसतो.

या गृहीतकाचा हिशोब एकदा करून बघा. आरशाखालचा कॅमेरा जमिनीपासून १ मीटर उंच आहे असं धरू. जमिनीवरचा दगड १ मीटरवर असेल तर पडद्यावरही १ मीटरवरच दिसेल. पण त्याच १ मीटरवर, जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंचीवर दुसऱ्या गाडीचा बम्पर अधांतरी असेल, तर कॅमेऱ्यातून बम्परवरून जाणारी रेघ जमिनीला २ मीटरवर टेकते. कंप्युटर तो बम्पर तिथेच रंगवतो. अंतर सरळ दुप्पट. वस्तू कॅमेऱ्याइतकी किंवा त्याहून उंच असेल, तर ती रेघ जमिनीला टेकतच नाही. वस्तू चित्राच्या कडेपर्यंत ताणली जाते किंवा दिसतच नाही. ट्रकचा मागचा भाग, उघडी डिकी, भिंतीतून बाहेर आलेला पाइप, अर्धं वर केलेलं शटर, या सगळ्यांची हीच गत. चढावरची वस्तूही याच कारणाने असते त्यापेक्षा लांब दिसते.

तेव्हा "जागा दिसत होती तरी टेकली" असं झालं असेल, तर ज्याला टेकली त्याचा खालचा भाग जमिनीला लागलेला होता का, ते आठवा. खांबाचं बूड पडद्यावर जिथे दिसतं तिथेच असतं. बूडच नसलेल्या वस्तूचं अंतर जोडचित्रावर मोजायचं नाही. इथे दुरुस्तीने काही होणार नाही, सवयच बदलावी लागेल.

बिघाड नसलेल्या आणखी काही गोष्टी. आरसे मिटलेले असतील तर बाजूचं चित्र वेडंवाकडं येणारच, कारण कॅमेरा आरशासोबत वळतो. दार किंवा डिकी उघडी असली की बऱ्याच गाड्या तो भाग स्वतःहून काळा करतात. ठरावीक वेगाच्या वर पडदा बंद होतो. एलईडी दिवे चित्रात लुकलुकतात, कारण ते वेगाने चालू-बंद होत असतात आणि कॅमेरा नेमके तेच क्षण पकडतो. आणि तुमच्या गाडीत "बॉनेटच्या आरपार" किंवा "गाडीखालची जमीन" असं चित्र येत असेल, तर ते काही क्षणांपूर्वी पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेलं असतं. तेवढ्यात मांजर गाडीखाली शिरलं, तर ते त्यात दिसणार नाही.

दोष कधी येतो ते लिहून ठेवा

फोनमध्ये चार ओळी पुरे: पाऊस होता का, गाडी धुतली होती का, सकाळची पहिली वेळ होती का, दार किंवा डिकी नुकतीच आपटली होती का, गाडीत सामान किती होतं. पडद्याचा फोटोही काढा. येणारा-जाणारा दोष मेकॅनिकसमोर कधीच येत नाही आणि तो बिचारा चालू कॅमेरा उघडून बघत बसतो. पावसानंतर येणारा दोष पाण्याचा असतो, दार हलवल्यावर येणारा वायरचा, पहिल्या स्टार्टला येणारा बहुतेक बॅटरीचा. पुढची अर्धी दिशा इथेच ठरते.

लेन्स

मागच्या कॅमेऱ्यावर सगळ्यात जास्त घाण बसते, कारण गाडी पळताना तिच्या पाठीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि रस्त्यावरचं पाणी-धूळ तिथे ओढली जाते. आरशाखालचे कॅमेरे वाकून टॉर्चने बघा. उभ्या उभ्या ते स्वच्छच वाटतात.

आधी पाणी ओता, मग ओल्या मऊ कापडाने हलकेच टिपा. कोरडं फडकं फिरवलंत तर बारीक वाळू लेन्सवर घासली जाते आणि चरे कायमचे राहतात. पॉलिश, मेण, काच पुसायचा स्प्रे, पेट्रोल, थिनर यातलं काहीही लावू नका. लेन्सवरचा लेप निघाला की चित्र कायमचं दुधाळ होतं. उच्च दाबाच्या पाण्याचा झोत जवळून थेट कॅमेऱ्यावर मारणं हे पुढे आत पाणी जाण्याचं मोठं कारण आहे. धुणाऱ्याला तसं आधीच सांगून ठेवा. काही गाड्यांत मागच्या कॅमेऱ्याला पाण्याचा स्वतंत्र फवारा असतो. तो चालत नसेल तर आधी वॉशरची टाकी भरलेली आहे का बघा.

पुसल्यावरही रात्री वलयं राहिली तर लेन्स ओरखडली आहे किंवा आतून धूसर झाली आहे.

भार, हवा, सेटिंग

टायरमध्ये हवा ठरल्याप्रमाणे भरा आणि डिकीतलं जड सामान काढा. मागची बाजू दबली की कॅमेरा खाली येतो, पण कंप्युटरच्या हिशोबात त्याची उंची जुनीच राहते. १ मीटर उंचीचा कॅमेरा ५ सेंटिमीटर खाली आला तर अंतरं साधारण ५ टक्के जास्त दिसतात. चूक नेमकी नको त्या दिशेला होते: वस्तू असते त्यापेक्षा लांब वाटते.

मग गाडी बंद करा, लॉक करा, चावी लांब ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. आतले कंप्युटर पूर्ण झोपल्याशिवाय नव्याने सुरू होत नाहीत. नुसतं इंजिन बंद-चालू करून तेवढं होत नाही. मार्गरेषा वळत नसतील आणि मध्ये बॅटरी काढली गेली असेल, तर इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. अनेक गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर एवढ्यानेच आपला मध्य पुन्हा शोधतो.

कॅमेरे बाहेरून बसवून घेतले असतील आणि रंग उडाला असेल किंवा चित्र सरकत असेल, तर स्क्रीनच्या सेटिंगमध्ये व्हिडिओचा प्रकार बघा. कॅमेरा पाल (PAL) प्रकारचा आणि स्क्रीन एनटीएससी (NTSC) प्रकारावर, किंवा कॅमेरा ७२० चा आणि स्क्रीन १०८० वर, असं झालं की अगदी हीच लक्षणं दिसतात. यासाठी नवा कॅमेरा घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

खडूची परीक्षा

पट्टे तुटत असतील तर ही कराच. खर्च एका खडूचा, आणि चारपैकी कोणता कॅमेरा हलला ते घरबसल्या कळतं.

गाडी सपाट जमिनीवर, रिकामी. आरसे उघडे, दारं-डिकी बंद, हँडब्रेक ओढलेला. दोन्ही बाजूंना टायरपासून अर्ध्या मीटरवर गाडीला समांतर सरळ रेघ मारा, पुढे-मागे बम्परच्या मीटरभर पलीकडे जाईल इतकी लांब. मग पुढे आणि मागे बम्परपासून अर्ध्या मीटरवर आडव्या रेघा. गाडीभोवती चौकट तयार होईल. फरशीच्या सरळ सांध्यांवर गाडी बरोबर उभी राहत असेल तर खडूही नको. इग्निशन चालू करून बटणाने चित्र आणा. ते फक्त रिव्हर्समध्येच येत असेल तर इंजिन बंद ठेवून रिव्हर्स टाका. इंजिन चालू केल्याशिवाय येतच नसेल तर जाणत्या चालकाला ब्रेकवर पाय ठेवून बसवा आणि गाडीच्या मागेपुढे कोणी उभं राहू नका.

आता चार कोपऱ्यांतले सांधे, म्हणजे शेजारच्या दोन कॅमेऱ्यांची चित्रं जुळतात त्या जागा, बघा. प्रत्येक कॅमेऱ्याचे दोन सांधे असतात, त्यामुळे चोर लगेच सापडतो. डावीकडचे पुढचा-मागचा दोन्ही सांधे तुटले आणि उजवीकडचे जुळले, तर डाव्या आरशाचा कॅमेरा. पुढचे डावा-उजवा दोन्ही तुटले तर पुढचा कॅमेरा. चारही तुटले तर भार, टायर किंवा हरवलेलं कॅलिब्रेशन (कंप्युटरला शिकवलेले कॅमेऱ्यांचे कोन). बोटभर फरक चालतो. तळहाताएवढा असेल तर कॅमेरा जागेवरून हलला आहे.

किती हलला असेल? फार नाही. १ मीटर उंचीवरचा कॅमेरा फक्त १ अंश कलला, तर १ मीटरवरची रेघ साडेतीन सेंटिमीटर सरकते आणि २ मीटरवरची जवळजवळ ९. एवढा कल डोळ्यांना दिसत नाही. आरशाला कोणाचा तरी खांदा लागला आणि खाच नीट बसली नाही, पुढच्या बम्परची एक क्लिप तुटली, इतकं पुरतं. म्हणून कॅमेरा "सरळच दिसतोय" या साक्षीला मी किंमत देत नाही. आरसा हाताने पूर्ण मिटून पुन्हा शेवटच्या खटक्यापर्यंत उघडा आणि परत बघा. कितीतरी वेळा काम इथेच होतं.

खडू पुसण्याआधी आणखी एक. गुडघ्याएवढं खोकं एका कोपऱ्यावर, सांध्याच्या रेघेवर ठेवा आणि काठीने हळूहळू सरकवा. कुठेतरी ते अर्धं कापलं जाईल, दोनदा दिसेल किंवा पूर्ण गायब होईल. असं चारही कोपऱ्यांवर करून जागा लक्षात ठेवा. हा दोष नाही आणि तो दुरुस्तही होत नाही, पण त्या खोक्याच्या जागी बसलेलं लहान मूलही असू शकतं. लहान मुलं आसपास असतील तर गाडी हलवण्याआधी एक फेरी मारायचीच, कॅमेरा कितीही महागाचा असो.

बॅटरी आणि फ्यूज

सकाळी पहिल्या स्टार्टला काळा पडदा येत असेल तर मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे साधारण अर्धी रिकामी. स्टार्टर फिरताना ती ९.६ च्या खाली गेली तर अशक्त समजा. इंजिनाला तेवढं पुरतं, पण कॅमेऱ्याचा कंप्युटर त्या क्षणी बंद पडून पुन्हा सुरू होतो, म्हणून पडदा उशिरा येतो. इलेक्ट्रिक गाडीतही कॅमेरे सहसा वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतात.

चारही कॅमेरे एकदम गेले असतील तर फ्यूज बघा. गेलेला असेल तर तितक्याच अँपिअरचा टाका. तोही उडाला तर तिथेच थांबा. जास्त अँपिअरचा फ्यूज टाकणं म्हणजे वायर जळायला वाट मोकळी करून देणं. फक्त एकच बाजू काळी असेल तर मुख्य फ्यूजवर वेळ घालवू नका. तो सहसा सगळ्यांचा एकच असतो.

वायर आणि कपलर

एक बाजू येते-जाते यामागे सगळ्यात जास्त वेळा मला तुटकी वायरच सापडली आहे, आणि तीही नेमक्या दोन जागी: डिकी आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीत, आणि आरसा जिथे मिटतो त्या सांध्यात. डिकी उघडबंद करताना तिथली वायर प्रत्येक वेळी वाकते. वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं, आतली तार तुटलेली असते. डिकी एका कोनात असताना टोकं टेकतात, दुसऱ्या कोनात सुटतात.

इंजिन बंद, इग्निशन चालू. एकाने पडद्यावर फक्त मागचा कॅमेरा लावून बसायचं, दुसऱ्याने रबरी नळी दोन्ही टोकांशी हलक्या हाताने वाकवायची. चित्र लुकलुकलं की जागा सापडली. आरशासाठी तो बटणाने दोन-चारदा मिटवा-उघडा. मग इग्निशन बंद करून नळीचं रबर टोकाशी सरकवा आणि आत बघा: तडकलेलं आवरण, हिरवट पडलेलं तांबं. हाताला येणारे कपलरही (वायरी एकमेकींना जोडणारे प्लग) एकदा काढून बघा. पिनेवर हिरवा-पांढरा थर असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लिनर मारा, पूर्ण सुकू द्या आणि "टक" आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेला कपलर खड्ड्यागणिक चित्र घालवतो.

पीळ मारून टेप गुंडाळण्याचा मोह मात्र आवरा. साध्या वायरला तात्पुरतं चालेल. कॅमेऱ्याची बारीक गोल केबल तशी नसते: आत एक तार, भोवती जाळी, आणि बऱ्याच गाड्यांत चित्र आणि वीज दोन्ही त्यातूनच जातात. तिचा जोड किंचित बिघडला तरी चित्र फाटतं. तिच्यात टेस्ट लॅम्पची सुई टोचलीत तर कंप्युटर मरू शकतो, आणि तो कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. ती केबल अख्खी बदलायची असते.

कॅमेऱ्यात पाणी

लेन्सच्या आत वाफ दिसते, उन्हात तासाभरात जाते, पुढच्या पावसात परत येते, असं असेल तर सील गेलं आहे. बाहेरून सिलिकॉन फासू नका. आतलं पाणी आतच कोंडतं आणि सर्किट गंजतं. हा कॅमेरा उघडून दुरुस्त करण्यासारखा नसतो, बदलावाच लागतो. बदलताना गाडीच्या मॉडेलचाच घ्या. लेन्सचा कोन वेगळा असला तर तो बसतो, चित्रही देतो, पण सांधे कधीच जुळत नाहीत.

इथे हात आवरा

दाराचं पॅनल किंवा बम्पर उतरवायची वेळ आली की हे घरचं काम राहत नाही. दारात एअरबॅगचे सेन्सर असू शकतात, बम्परमागे रडार. पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा समजा आणि इग्निशन बंद असली तरी काढू नका. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलला हातच नाही. कॅमेऱ्यासोबत एबीएस किंवा स्टिअरिंगचा दिवाही लागला असेल, कार्पेटखाली ओल असेल, फ्यूज दुसऱ्यांदा उडाला असेल किंवा गाडी ठोकली गेली असेल, तरीही स्कॅनर असलेल्या वर्कशॉपलाच जा.

कॅलिब्रेशनही तिथलंच काम. सपाट फरशीवर ठरावीक अंतरावर चौकटींचे पट अंथरून, स्कॅनर जोडून प्रत्येक कॅमेऱ्याचा कोन कंप्युटरला नव्याने शिकवला जातो. काही गाड्या रस्त्यावर हळू चालवून ते करतात. कॅमेरा, आरसा किंवा बम्पर बदलला, सस्पेन्शनची उंची बदलली, टायरचं माप बदललं, की हे करावं लागतं. बाहेरून बसवलेल्या किटसोबत असे पट मिळतात आणि स्क्रीनवर बिंदू जुळवून मालकाला ते स्वतःही करता येतं, पण पट बोटभर तिरके पडले तर ती चूक कायमची चित्रात बसते. टेप लावून मोजायचा धीर नसेल तर ते काम बसवणाऱ्याकडूनच करून घ्या.

गाडी ताब्यात घेताना बिलावर कॅलिब्रेशन लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. त्यांच्याच आवारात सरळ पट्ट्यावर गाडी उभी करायला सांगा, चारही सांधे बघा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी शंका आली तर जुळवून बघायला तो हाताशी असेल.